शेठला दाखवायचा मासा

लहान्या करबट गटाराच्या नोकरीला लागला तेव्हा पाड्यात कुणी त्याला अडवलं नाही. हसले मात्र पोटभर. त्याचा मेहुणा लक्ष्या तर मुद्दाम दारात येऊन म्हणाला, "भावजी, पन्नाशी उलटली की माणूस देवाचं काय तरी करतो. तुम्ही बाजाराचं धुवायला निघालात."

"देवाकडं मोटार नाय," लहान्या म्हणाला. "इथं मोटार हाय."

तोवर त्याने बरीच कामं करून पाहिली होती. डहाणूच्या वाड्यांत लांब काठीला बांधलेल्या जाळीने चिकू उतरवले होते, मान कायमची मागे कलेपर्यंत. वीटभट्टीवर चिखल तुडवला होता. एक हंगाम वरोरच्या होडीवरही गेला, पण डोंगराकडच्या माणसाचं आणि समुद्राचं जमलं नाही. ओकून ओकून अर्धा झाला आणि परत आला. या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी होती. कष्ट इथे व्हायचे आणि माल दुसरीकडे जायचा. चिकू मुंबईला, विटा वापीला, मासळी कुठल्या कुठे. गटाराचं काम पहिलंच असं होतं की त्याचा माल गावातच राहणार होता. लोक हसत होते ते त्यामुळेच.

गाव तलासरी तालुक्यातलं, हमरस्त्यापासून थोडं आत. आठवड्याचा बाजार, दोन वसतिगृहं, खानावळी, भाड्याच्या चाळी. या सगळ्यांचं सांडपाणी एका नळातून थेट नदीत पडायचं. नदी लहान. सरकारी नकाशात तिला नाव आहे, पाड्यात तिला नुसती नदी म्हणतात. पुढे ती झाईकडच्या खाडीला मिळते. नळाखाली एक डोह होता. त्याचं पाणी काळं, वर साय आल्यासारखा थर. त्यात माशांपैकी फक्त शिंगट्या जगायच्या आणि त्याही दर थोड्या वेळाने वर येऊन तोंड उघडायच्या, जसं काही कुणाकडे तक्रार करायची आहे. म्हशी तिथे उतरत नसत. बायका धुणं घेऊन वरच्या अंगाला जात. आणि कुणाचीही काही तक्रार नव्हती. घाण आपलीच नव्हती, बाजाराची होती, आणि बाजाराला नदी दिसत नव्हती.

मग सोराबशेठना ती दिसली. सोराबशेठ डहाणूचे इराणी, चिकूच्या वाडीचे मालक. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. कसल्याशा कामाला आले असता गाडी पुलावर बिघडली आणि दुरुस्त होईपर्यंत त्यांना नाकाला रुमाल लावून उभं राहावं लागलं. मोठी कामं अशीच सुरू होतात. त्यांनी एका संस्थेला हाताशी धरलं आणि नळाच्या तोंडाशी सांडपाणी साफ करायचा एक लहानसा प्रकल्प बांधून दिला. चालवायचा खर्चही त्यांचाच. अट एक घातली. "तीन वरसने बाद हूं येणार. मला पेपर नको बतावू. मला मासा बताव. मासा दिसला तर चालू, नाही दिसला तर बंद. मग मी ते पैशाने गायींना चारा घालीन."

प्रकल्प हा शब्द मोठा झाला. जागा क्रिकेट खेळायलाही पुरली नसती. नळ आला की आधी लोखंडी जाळी. मग पाणी एका टाकीत निवांत बसायचं आणि जड घाण तळाला जायची. दुसऱ्या टाकीत मोटार हवा सोडायची, पाणी रात्रंदिवस खदखदायचं. शेवटी खडीचा लांब वाफा आणि त्यात कर्दळी. कर्दळींच्या मुळांतून झिरपलेलं पाणी एका पन्हळीतून डोहात. बघणाऱ्याला शेवटचा भाग आवडायचा, कारण तिथे लाल-पिवळी फुलं होती. काम मात्र जाळीपाशी होतं.

जाळीला काय अडकतं ते सांगण्यासारखं नाही, म्हणून थोडंच सांगतो. चिंध्या, पिशव्या, केस, खानावळीतलं गोठलेलं तेल, आणि माणसं ज्या वस्तू दुसऱ्या कुणाला दिसू नयेत म्हणून पाण्यात टाकतात त्या सगळ्या. लहान्या दाताळ्याने ते ओढून काढायचा. या कामाला फार ताकद लागत नाही. रोज लागते, एवढंच. एक दिवस जाळी राहिली तर पाणी वरून फुटून सरळ टाकीत जातं, आणि टाकी बिघडली की सुधारायला पंधरवडा जातो. नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात लहान्याला जेवण जात नव्हतं. दुसऱ्या महिन्यात जायला लागलं. तिसऱ्या महिन्यापासून तो जेवताना गटाराचं बोलायला लागला, तेव्हा त्याची बायको शुक्री ताट घेऊन ओट्यावर गेली.

टाकीच्या तळचा गाळ काढून बाजूच्या वेगळ्या वाफ्यात वाळवावा लागे. ओला गाळ घमेल्यात भरला की मान खांद्यात जाते. वाळला की राखेसारखा हलका. पहिल्या वर्षी तो कुणी फुकट घेईना. दुसऱ्या वर्षी चोरीला जायला लागला. लक्ष्याच्या परसातली वांगी त्या वर्षी एवढी धरली की चोर शोधावा लागला नाही.

"गाळ नेलास तर सांगून ने ना रं," लहान्या म्हणाला.

"सांगून नेला तर लोकांना कळंल कशाची वांगी ती," लक्ष्या म्हणाला.

संस्थेच्या निलम मॅडम महिन्यातून एकदा पालघरहून येत. वयाने लहान, पण लहान्याला त्या लहानूकाका म्हणत. 'लहान्या' म्हणायला त्यांची जीभ धजत नसे. बाटल्या भरायच्या, पाण्यात तारेचं यंत्र बुडवायचं, आकडा बघायचा. आकडे सुधारत होते. त्या लहान्याला समजावून सांगत की पाण्यात हवा वाढली, घाण घटली. लहान्या मान हलवी. त्याला आकड्यांचं काही वावडं नव्हतं. पण तो दुसरंच बघत होता. डोहाचा तळ आधी दिसत नव्हता, मग दिसायला लागला. शेवाळ हिरवं झालं. खेकडे आले. आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर एका सकाळी पन्हळीच्या तोंडाशी पाण्यात काहीतरी चमकलं. खवल्या होत्या, बोटाएवढ्या मासोळ्या, चांदीसारख्या, प्रवाहाकडे तोंड करून उभ्या. खवली घाण पाण्यात राहत नाही हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लहान्या तिथेच बसला आणि त्या दिवशी जाळीला जायला त्याला उशीर झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

इथून पुढे खरा ताप सुरू झाला. पाणी काळं होतं तोवर डोह कुणाचाच नव्हता. आता तो सगळ्यांचा झाला. धुण्याचा दगड कुणाचा यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. म्हशी आल्या. म्हशींनी पाणी गढूळ केलं म्हणून बायका भांडल्या आणि बायकांच्या साबणावरून लहान्या भांडला. "आधी बरं होतं," असं पाड्यातली म्हातारी जानी एकदा म्हणाली. "घाण होती, पण कटकट नव्हती."

माघ संपता संपता निरोप आला. शेठ येताहेत. मासा दाखवायची तयारी ठेवा.

लहान्याने डोहाकाठी बसून बघितलं. खवल्या होत्या, मरळ होते, पण माणसाची सावली पडली की सगळे खालच्या कपारीत. त्याला ठाऊक होतं म्हणून त्याला दिसत. ज्याच्या डोळ्यांवर जाड भिंगं आहेत, ज्याला उतारावर उभं राहायला काठी लागते, त्याला काय दिसणार? पाणी. आणि पाणी दाखवून प्रकल्प चालू राहणार नव्हता. मोटार बंद होईल, जाळीपाशी कुणी येणार नाही, नळ पुन्हा सरळ डोहात. लहान्याला नोकरीचं वाईट वाटलं असतं, नाही असं नाही. पण खरं वाईट वाटायचं ते वेगळंच. चिकू उतरवले त्याचं काही उरलं नव्हतं, विटांचं उरलं नव्हतं. हे एक उरलं होतं आणि ते कपारीत लपत होतं.

"गळ टाकून एक काढा आणि बादलीत ठेवा," लक्ष्याने सुचवलं.

"बादलीतला मासा बाजारातून पण आणता येतो. शेठ काय खुळा हाय?"

"मग सगळेच वर आणा. गेळानं."

लहान्या डोंगराकडे बघायला लागला. लक्ष्या गमतीने बोलला होता. पण गमतीत सांगितलेली गोष्ट कामाची निघाली की तिचं काय करायचं ते लहान्याला कधी कळलं नाही.

गेळाचं झाड आपल्या डोंगरात कुठेही मिळतं, काटेरी, पेरवाएवढं फळ. हिरवं फळ ठेचून डोहात टाकलं की माशांना गुंगी येते आणि ते वर तरंगतात. पाड्यात बापजाद्यांपासून असेच मासे धरतात. बेताने टाकलं तर मासा नुसता आडवा होतो. ताजं पाणी मिळालं की पुन्हा सावध होऊन पळतो. लहान्याने हिशेब केला. शेठ दहाला येणार. साडेनवाला गेळ टाकायचं, थोडंच. दहाला मासे वर. शेठ बघतील, काठी आपटतील, खूश होतील. मग पन्हळीचं पाणी आहेच, मासे जातील आपल्या घरी. कुणाचं नुकसान नाही.

आणि काम करायचं तर नीट करायचं, ही त्याची खोड. गेळ टाकताना डोहाचं खालचं तोंड बंद करतात, म्हणजे मासा वाहून जात नाही. ते त्याने केलं. सकाळी लवकर दगड वाहिले, फटी चिखलाने लिंपल्या. तिथे जोर लागतो, कारण ओला दगड हातातून सुटतो. पन्हळीचं पाणीही त्याने एका बाजूला वळवलं, गेळ पातळ होऊ नये म्हणून. लक्ष्या काठावर विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "भावजी, दाखवायलाच करताय ना? की जेवणावळ हाय?"

"अर्धं काम करायचं माझ्या अंगात नाय," लहान्या म्हणाला.

खडकावर फळं ठेचली. पाण्यात टाकली. साबणासारखा पांढरा फेस आला. थोड्याच वेळात पहिली खवली कुशीवर आली, मग दुसरी, मग डोहभर चांदी. लहान्याचा ऊर भरून आला. दहा वाजले. रस्त्यावर गाडी नाही.

शेठची गाडी तेव्हा वाटेत एका ओळखीच्या घरी थांबली होती. तिथे चहा होता, मग नाश्ता होता, मग एका आजारी गड्याची विचारपूस होती. मोठ्या माणसांना उशीर होत नाही, त्यांना लोक भेटतात. लहान्याने साडेदहापर्यंत वाट पाहिली. मासे कुशीवरून पाठीवर वळायला लागले तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला, बांधाचे दगड उपसायला लागला. पण त्याने लिंपलेला बांध होता. तो सहज सुटणारा नव्हता, आणि त्या घाईत पन्हळ परत वळवायची राहिलीच. एका बाजूने पाणी सुटेपर्यंत काठावरून हॉर्न ऐकू आला.

शेठ काठी टेकत उतरले. मागे निलम मॅडम, हातात यंत्र, चेहऱ्यावर तीन वर्षांच्या मेहनतीचं हसू. डोह पांढराफटक होता. पोटं वर करून सगळे मासे, आणि त्यांच्या मधून फेस.

मॅडमनी यंत्र बुडवलं, बघितलं, झटकलं, पुन्हा बुडवलं. हवा होती. पण फेस डोळ्यांना दिसत होता आणि फेस म्हणजे साबण, साबण म्हणजे न साफ केलेलं पाणी. पन्हळही कोरडी होती. त्या शेठकडे वळल्या. "सर, टाकी फुटली असणार. किंवा कुणीतरी पाणी सरळ सोडलं. मी... मी शोधते."

"शोधवानं काय छे," शेठ म्हणाले. "मासा मी मागितला, मासा तू बतावला. मेलेला. बंद कर. मोटार बंद कर आजच."

लहान्या बांधापाशी ओला उभा होता. पाण्यातून वर यायला त्याला जरा वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याच्या मनात आलं की गप्प राहावं. बांध कुणी घातला ते कुणाला कळणार नव्हतं. पण मॅडम कोरड्या पन्हळीजवळ बसून डोहाच्या पाण्याची एकेक बाटली भरत होत्या, चूक आपलीच असल्यासारख्या. त्याला ते बघवलं नाही.

"शेठ, टाकी ठीक हाय. मासे मी मारले."

शेठनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत माया आली. "मॅडमला वाचवतोस काय, डिकरा? भला माणूस छे तू. आजकाल एवी माणसं नाही मळत."

"नाय शेठ. खरंच मी. गेळ टाकलं."

"बस, बस. समजलो."

उभ्या आयुष्यात लहान्याच्या इमानदारीची कुणी स्तुती केली नव्हती. पहिल्यांदा झाली ती तो खोटं बोलतोय असं समजून. तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात झाडीतून बायकांचा गलका आला. लक्ष्याने पाड्यात जाऊन सांगितलं होतं की भावजींनी डोहाला गेळ दिलंय आणि पाहुणे काही खाणार नाहीत. टोपल्या, सुपडी, एकीने तर घरातली चाळण आणली होती. पुढे शुक्री, लुगडं गुडघ्यावर खोचून.

मॅडम किंचाळल्या. "हात लावू नका! विषारी आहेत! गटाराचं पाणी आहे ते!"

शुक्री थांबली. तिने मॅडमकडे बघितलं, मग एक मरळ उचलून त्याचे लालभडक कल्ले उघडून दाखवले. "कुठं गटार, बाय? हे गेळाचं मासं. आमच्या घरच्यानं टाकलंय, आणि बांध पण असा घातलाय की मरंल नाय तर काय. गटारानं मेलेला मासा आम्ही घरी नेला असता होय? एवढं बी उपाशी नाय आम्ही." मग नवऱ्याकडे वळून, "आणि तू काय पाण्यात उभा? माणसानं मासं मारलं तर काढावं तरी."

शेठ काठीवर रेलले. बराच वेळ ते डोहाकडे बघत होते. किती मासे आहेत ते त्यांना आता नीट दिसत होतं. जिवंत असते तर यातला एकही दिसला नसता.

"एटला बद्धा? एवढे सगळे?" ते हळूच म्हणाले. "आ पाण्यामां?" मग खणखणीत आवाजात, "भाजा. इथेच भाजा."

तीन दगड मांडले गेले. मासे उभे चिरून, पोट साफ करून, वरच्या अंगाच्या पाण्यात धुऊन पानांत गुंडाळले. वास सुटला तशी पाड्यातली आणखी माणसं आली. मॅडम शाकाहारी होत्या, त्यांना सूट मिळाली. शुक्रीने पानात दोन खवल्या शेठपुढे धरल्या. शेठनी त्या बघितल्या, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"पहिला तू," ते लहान्याला म्हणाले. "पाणी तू साफ केला. तू खाल्ला तो मी खाईन. तू नाही खाणार तो मी कशाला मरू? मग मोटार पण बंद."

आता सगळा पाडा लहान्याकडे बघायला लागला. लक्ष्याच्या तोंडात अर्धा मासा होता, तो चावायचा थांबला.

लहान्याने पान हातात घेतलं. घेतलं आणि तसाच बसला. खवल्या गरम होत्या, कडेला करपल्या होत्या. त्याला काहीही बघायचं नव्हतं, पण दिसत होती ती जाळी. तीन वर्षं रोज दाताळ्याने ओढलेलं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून पानावर यायला लागलं. इतरांनी नदी बघितली होती. नदीत काय येतं ते त्याने एकट्याने बघितलं होतं.

"माझं पोट जरा..." तो म्हणाला.

"सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्यात त्यानं," शुक्री म्हणाली.

माणसं हसली. शेठ हसले नाहीत. काठी जमिनीवर हळूहळू आपटत राहिले.

लहान्या मनाने जाळीपाशी गेला. तिथून पाण्याबरोबर निघाला. बसायची टाकी. गाळ वेळेवर काढला होता का? काढला होता, तापात असताना सुद्धा. खदखदणारी टाकी. मोटार एकदा जळाली तेव्हा बांबूने पाणी ढवळत बसला होता, दोन्ही तळहात सोलले होते. खडी. पहिल्या वर्षी तुंबली म्हणून सगळी उपसून, धुऊन पुन्हा भरली होती. कर्दळी. त्यांचं काम त्यांनी केलं. यात कामचुकारपणा कुठे झाला ते तो शोधत होता. जाळीला उशीर झाल्याचा तो एक दिवस सापडला. त्या दिवशी दुपारी त्याने दुप्पट काम केलं होतं. आणखी काही सापडेना. सापडलं असतं तर बरं झालं असतं, पान खाली ठेवायला निमित्त मिळालं असतं.

त्याने खवली तोंडात टाकली. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. चावली. काटा बाहेर काढला. दुसरीही खाल्ली.

"कसा छे?" शेठनी विचारलं.

लहान्याने विचार केला. खोटं बोलायची सोय नव्हती, एवढी माणसं खात होती. "मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"तुला कधी पुरलं ते?" शुक्री म्हणाली आणि चिमूटभर मीठ पानावर टाकलं.

शेठ दगडावर बसले, काठी बाजूला ठेवली. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्यासाठी हात पुढे केला. मॅडम त्यांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "सर, मग प्रकल्प बंद करायचं जे ठरलं..."

"बंद?" शेठनी तोंडातला काटा काढत चढ्या आवाजात विचारलं. "बंद करवानं कोण म्हणते?"

सगळ्यांनी आपापल्या पानात डोकं घातलं. म्हणणारे शेठच होते. पण तोंडात मासा असलेल्या माणसाला अशी आठवण करून देऊ नये, एवढं पाड्याला कळतं.